फ्रेंचमध्ये ‘माझे हात’ धुवायचे की नुसते ‘हात’?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही देल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या बी-१ पातळीची तयारी करता आहात. सरावाच्या निबंधात ‘मी हात धुते’ यासाठी तुम्ही ‘ज लाव्ह मे मँ’ असं लिहिलंत. बाईंनी ‘मे’भोवती, म्हणजे ‘माझे’भोवती, लाल गोल काढून ‘ज म लाव्ह ले मँ’ अशी दुरुस्ती केली. पुढे ‘तिचे डोळे निळे आहेत’ यासाठीचं ‘एल आ ले झ्यऽ ब्लऽ’ बरोबर ठरलं, पण ‘तिचे डोळे सुंदर आहेत’ यासाठीचं ‘एल आ ले बो झ्यऽ’ चुकलं. हात स्वतःचेच असताना ‘माझे’ म्हणायला हरकत का, आणि नियम कुठे लागतो, कुठे नाही हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

उत्तर लांब होणार आहे, कारण पुस्तकात हा विषय अर्ध्या पानात उरकलेला असतो आणि मग विद्यार्थी वर्षानुवर्षं अंदाजाने लिहीत राहतात. फ्रेंच वाक्यं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे. ‘ज’ मऊ, घासून म्हणायचा, ‘झ’ झाडातला, आणि ‘ऽ’ जिथे आहे तिथे ओठ गोल करून ‘अ’ म्हणायचा.

इंग्रजीत हात कोणाचा हे हाताला चिकटवलेल्या शब्दाने सांगतात. फ्रेंचमध्ये ते काम क्रियापदाजवळच उरकलं जातं. अवयव मालकापासून वेगळा होऊच शकत नाही, त्यामुळे वाक्यात मालक एकदा दिसला की पुन्हा त्याचं नाव अवयवावर लिहिण्याची फ्रेंच माणसाला गरज वाटत नाही. ‘इल लेव्ह ला मँ’, म्हणजे तो हात वर करतो. कर्ता ‘इल’ आहे, हात आपोआप त्याचाच. पण ‘ज लाव्ह ले मँ’ एवढंच म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कोणाचे? कारण धुणं ही क्रिया दुसऱ्याच्या हातांवरही होऊ शकते. म्हणून तिथे ‘म’ येतो, म्हणजे ‘मला, माझ्यावर’. दुसऱ्याचे हात धुवायचे असतील तर ‘ज ल्युई लाव्ह ले मँ’. ‘ल्युई’ म्हणजे ‘त्याला’ किंवा ‘तिला’. ‘ले मँ’, म्हणजे नुसते ‘हात’, दोन्हीकडे तेच. बदलतो तो फक्त क्रियापदाआधीचा छोटा शब्द.

हात वर करणं, मान वळवणं, डोळे मिटणं, खांदे उडवणं या हालचाली माणूस स्वतःच्याच शरीराने करतो, तिथे कर्ता पुरेसा आहे. धुणं, मोडणं, कापणं, भाजणं, विंचरणं या क्रिया कोणाच्याही अवयवावर होऊ शकतात, तिथे ‘म, त, स, ल्युई’ (मला, तुला, स्वतःला, त्याला-तिला) यांपैकी काहीतरी लागतं. हा फरक हाताशी असला की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

बाईंनी गोल केलेलं ‘ज लाव्ह मे मँ’ व्याकरणाने मोडत नाही. प्रत्येक शब्द जागच्या जागी आहे. पण फ्रेंच कानाला त्यात हात ही धुण्याची एक वस्तू वाटते, जशी गाडी किंवा भांडी. ‘ज लाव्ह मा व्ह्वात्युर’, मी माझी गाडी धुतो, याच साच्यातलं वाक्य झालं ते. हात गाडीसारखे बाहेर उभे नसतात.

हे आपल्याला अवघड जातं याचं खापर मराठीवर फोडलं जातं आणि ते मला पटत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवतो आहे. ही चूक करणारी बहुतेक मुलं मराठीतून विचार करून चुकत नाहीत, इंग्रजीतून करून चुकतात. शाळेत, अकरावी-बारावीला फ्रेंचची ओळख इंग्रजी माध्यमातून होते. शब्दार्थ इंग्रजीत, नियम इंग्रजीत, भाषांतराचे उतारेही इंग्रजीत. इंग्रजी प्रत्येक हातापायावर ‘माझा’, ‘तुझा’ असा शिक्का मारल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ती सवय तशीच फ्रेंचमध्ये उतरते. घरात मात्र आपण काय म्हणतो? ‘मी हात धुतले.’ ‘दात घास.’ ‘डोळे मीट.’ ‘मान वर कर.’ आईने मुलाला ‘तुझे दात घास’ म्हटलं तर त्यात रागाची छटा येते, की इतरांचं राहू दे, तुझं बघ. साध्या बोलण्यात मराठीही अवयवावर मालकाचं नाव लिहीत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मराठीत ‘असणे’ सांगायचे निदान दोन वेगळे मार्ग आहेत. ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’, पण ‘मला एक बहीण आहे’, ‘माणसाला दोन हात असतात’. ‘माणसाकडे दोन हात असतात’ हे मराठी कानाला लगेच खटकतं. गाडी विकता येते, पैसे संपतात. बहीण आणि हात यांचं नातं तसं तुटत नाही. जे तुटतं त्याला ‘कडे, जवळ’, जे तुटत नाही त्याला ‘ला’. भाषाशास्त्रात याला अविभाज्य मालकी म्हणतात. फ्रेंच विचारवंत ल्युस्यँ लेव्ही-ब्र्युल यांनी 1914 मध्ये मेलानेशियातल्या, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या, भाषांबद्दल लिहिताना हा भेद नीट मांडला: त्या भाषांमध्ये अवयव आणि नातेवाईक यांच्या नामांना मालकीचा प्रत्यय थेट चिकटतो आणि बाकीच्या वस्तूंना वेगळा शब्द लागतो. पुढे 1926 मध्ये जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ शार्ल बायी यांनी युरोपीय भाषांकडे याच नजरेने पाहिलं. माणसाचं शरीर आणि त्याला अगदी लगटून असलेल्या गोष्टी मिळून त्याचं एक खास वर्तुळ तयार होतं, आणि त्या वर्तुळात काही घडलं की ते त्या अख्ख्या माणसाला घडतं, असं त्यांचं म्हणणं. ‘ज ल्युई लाव्ह ले मँ’ मध्ये क्रिया हातांवर होते, पण ती पोचते ‘त्याला’. आपल्या शाळेच्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर इंग्रजी इथे षष्ठी वापरतं आणि फ्रेंच चतुर्थी.

आणि ही चतुर्थी मराठीला परकी नाही. ‘कुत्रा मला पायाला चावला’ हे वाक्य घ्या. यात ‘माझ्या’ कुठेच नाही. आधी माणूस, मग त्याच्या शरीरावरची जागा. फ्रेंच वाक्य हुबेहूब याच बांधणीचं आहे: ‘ल श्यँ मा मॉर्द्यू आ ला जाँब’. ‘मला डोक्याला लागलं’, ‘त्याला हाताला भाजलं’, ‘मला हाताला धरून नेलं’ ही सगळी त्याच कुळातली. शेवटच्याला फ्रेंचमध्ये ‘इल मा प्री पार ला मँ’ म्हणतात. म्हणून वर्गात मी मुलांना सांगतो की फ्रेंच वाक्य लिहिण्याआधी ते इंग्रजीत मनात आणू नका. मराठीत आणा, आणि तेही पुस्तकी मराठीत नको, घरातल्या मराठीत. पुण्यात ज्यांनी जर्मनही शिकलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल: ‘इश वाशे मिर दी हेंडे’ म्हणजे शब्दशः ‘मी मला हात धुतो’. गोव्यात ज्यांच्या घरी जुन्या पिढीची पोर्तुगीज अजून कानावर पडते त्यांनाही ‘दॉय-म आ काबेसा’, शब्दशः ‘मला डोकं दुखतं’, आठवेल. युरोपात या बाबतीत इंग्रजीच जरा एकटी पडलेली आहे.

मात्र मराठी प्रत्येक ठिकाणी साथ देईल असं समजू नका. दोन ठिकाणी ती अगदी हमखास फसवते.

पहिलं ठिकाण अपघाताचं. ‘माझा हात मोडला’ असं आपण म्हणतो. हात कर्ता, मोडणं त्याचं त्याला झालं. ‘मी माझा हात मोडला’ म्हटलं तर मुद्दाम मोडून घेतल्यासारखं वाटतं. फ्रेंचमध्ये मात्र सर्वसाधारण वाक्य ‘ज म स्युई कासे ल ब्रा’ हेच आहे, शब्दशः ‘मी मला हात मोडला’. त्यात हेतूचा लवलेश नाही, दोष घेणंही नाही. पाय मुरगळला, बोट भाजलं, जीभ चावली गेली, सगळं याच साच्यात जातं. मराठी विद्यार्थी हा कर्ता वापरायला बिचकतात आणि ‘मों ब्रा ए कासे’, माझा हात मोडलेला आहे, असं काहीतरी लिहितात. ते चूक नाही, पण त्यात अवस्था सांगितली जाते, घटना नाही. दवाखान्यात काय झालं विचारलं तर घटना सांगायची असते.

दुसरं ठिकाण न्हाव्याच्या दुकानाचं. ‘मी काल केस कापले’ असं आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की सलूनमध्ये जाऊन कापून घेतले. ‘ज म स्युई कुपे ले शव्हऽ’ म्हटलंत तर फ्रेंच माणूस समजेल की तुम्ही स्वतः कात्री घेऊन आरशासमोर उभ्या राहिलात. कापून घेतले यासाठी करवण्याचं क्रियापद मध्ये घालावंच लागतं: ‘ज म स्युई फे कुपे ले शव्हऽ’. किंवा न्हाव्यालाच कर्ता करायचं: ‘ल क्वाफऽर मा कुपे ले शव्हऽ’. इथेही पाहा, ‘मा’मध्ये ‘मला’ येऊन गेलं, केसांना ‘माझे’ लागलं नाही.

आता ‘ल्युई’ कुठे चालत नाही ते बघू, कारण नियम कळला की मुलं तो सगळीकडे लावू लागतात. ‘मला त्याचे हात फार आवडतात’ किंवा ‘मी त्याच्या हातांचं कौतुक करतो’ यासाठी ‘ज ल्युई आद्मिर ले मँ’ म्हणता येत नाही. तिथे ‘जाद्मिर से मँ’ असंच म्हणायचं, सरळ ‘त्याचे हात’. कारण कौतुकाने त्या माणसाच्या शरीराला काही होत नाही. धुतल्याने, कापल्याने, दाबल्याने, तुडवल्याने होतं. बायींचं वर्तुळ इथे कामाला येतं: क्रिया त्या वर्तुळाच्या आत शिरत असेल तर चतुर्थी, बाहेरूनच पाहत असेल तर ‘सों, सा, से’. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर ‘इल मा मार्शे स्युर ल प्ये’, कारण कळ मला आली. हस्तांदोलन केलं तर ‘इल मा सेरे ला मँ’. नुसतं आवडणं, आठवणं, वर्णन करणं असेल तर मालकी दाखवणारं विशेषणच वापरा.

निळ्या आणि सुंदर डोळ्यांचं कोडं मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटतं, म्हणून तिथे जरा थांबतो.

‘एल आ ले झ्यऽ ब्लऽ’ या वाक्याचं शब्दशः भाषांतर ‘तिला निळे डोळे आहेत’ असं करतात आणि तिथेच घोटाळा होतो. या वाक्यात डोळे असणं ही बातमी नाही. डोळे सगळ्यांनाच असतात. बातमी आहे ‘निळे’. म्हणजे वाक्याचा खरा अर्थ ‘डोळे म्हणाल तर तिचे निळे आहेत’ असा आहे. ‘ब्लऽ’ हे विशेषण डोळ्यांना चिकटलेलं नाही, ते विधेय आहे. याचा पुरावा असा की डोळ्यांच्या जागी सर्वनाम घातलं तरी ‘ब्लऽ’ मागे तसंच उरतं: ‘एल ले झा ब्लऽ’, तिचे निळे आहेत. विशेषण नामाला घट्ट चिकटलेलं असतं तर सर्वनामाबरोबर तेही गेलं असतं.

आता ‘बो’, म्हणजे सुंदर. फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणं नामानंतर येतात, पण ‘बो, जोली, पती, ग्राँ, ग्रो’ अशी थोडी रोजच्या वापरातली विशेषणं नामाआधी बसतात. नामाआधी बसलेलं विशेषण विधेय होऊ शकत नाही. ते नामाचाच भाग होतं. मग ‘बो झ्यऽ’, सुंदर डोळे, हा एक गठ्ठा तयार होतो आणि असे डोळे सगळ्यांना नसतात. म्हणून तिथे ‘ते ठरलेले डोळे’ सांगणारा ‘ले’ बसत नाही, अनिश्चित रूप येतं: ‘एल आ द बो झ्यऽ’. अनेकवचनी नामाआधी विशेषण आलं की लिखाणात ‘दे’चा ‘द’ होतो. बोलताना ‘दे बो झ्यऽ’ही सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत ‘द’च लिहा.

दोन्ही रचना चालतात असं एक उदाहरण घेतलं की फरक उघड होतो. ‘एल आ ले शव्हऽ लों’ आणि ‘एल आ द लों शव्हऽ’, दोन्हींचा अर्थ तिचे केस लांब आहेत. पहिलं माहिती देतं. स्टेशनवर कोणाला ओळखायचं आहे, पोलिसांना वर्णन द्यायचं आहे, दोघी बहिणींतली कोणती हे सांगायचं आहे, तेव्हा हे. दुसरं चित्र काढतं, कथेत एखादी व्यक्ती पहिल्यांदा येते तेव्हा शोभतं. तिसरी शक्यता म्हणजे विशेषण नामानंतरच आहे, पण त्यात आपला अभिप्राय आहे: ‘एल आ दे झ्यऽ मान्यिफिक’, तिचे डोळे अप्रतिम आहेत. इथेही ‘दे’. रंग, लांबी, आकार, ओले-कोरडे, उघडे-मिटलेले अशा तपासता येण्याजोग्या गोष्टींना ‘ले’ जवळचा. कौतुकाला आणि निंदेला ‘दे’ किंवा ‘अँ’ जवळचा. सगळी वाक्यं या रेषेवर नेमकी बसतात असं नाही, पण परीक्षेत आणि बोलण्यात ही रेषा तुम्हाला क्वचितच दगा देईल.

आणि डोळेच कर्ता असतील तर यातलं काही लागत नाही. ‘से झ्यऽ सों ब्लऽ’, तिचे डोळे निळे आहेत. वाक्याच्या सुरुवातीलाच डोळे आले, मालक वाक्यात दुसरीकडे कुठेच नाही, मग ‘से’ हवंच. ‘त्याचे हात थरथरत होते’, ‘माझे पाय भरून आले’ अशा वाक्यांत बिनधास्त ‘से’, ‘मे’ वापरा.

दुखण्याचं प्रकरण बी-१ला हमखास येतं आणि फ्रान्समध्ये राहायला गेलात तर परीक्षेपेक्षाही जास्त उपयोगी पडतं. मूळ साचा ‘जे माल आ’ आणि पुढे अवयव: ‘जे माल आ ला तेत’ डोकं दुखतंय, ‘ओ दो’ पाठ, ‘ओ दाँ’ दात. पायांना गार वाजत असेल तर ‘जे फ्र्वा ओ प्ये’. आपण ‘पायांना गार वाजतंय’ म्हणतो तसंच, पायांचा मालक सांगत बसत नाही. बोलण्यात याहून एक जिवंत रचना आहे आणि ती पुस्तकांत फार उशिरा येते: ‘जे ल ने कि कूल’ माझं नाक वाहतंय, ‘जे ला तेत कि तुर्न’ मला गरगरतंय. आधी ‘माझ्यापाशी नाक आहे’ अशी मांडणी आणि मग ‘जे वाहतंय’. डॉक्टरसमोर हे वाक्य आलं की समोरच्याला वाटतं, हिला फ्रेंच येतं. डॉक्टरही तुम्हाला ‘तिरे ला लाँग’, जीभ बाहेर काढा, ‘उव्ह्रे ला बुश’, तोंड उघडा, असंच सांगतील. ‘तुमची जीभ’ म्हणणार नाहीत.

‘जे माल आ’ नंतर ‘माझ्या’ का येत नाही याचं उत्तर उघड आहे: दुखणं दुसऱ्याच्या अवयवात होऊच शकत नाही. पण भाषेच्या या भिंतीला सतराव्या शतकात एका आईने मोठ्या प्रेमाने खिंड पाडली. मादाम द सेव्हिन्ये पॅरिसमधून दक्षिणेत ग्रिन्यांला राहणाऱ्या आपल्या लेकीला पत्रं लिहीत. लेकीची छाती नाजूक, तिकडचा वारा बोचरा. तेव्हा त्यांनी लिहिलं की तिकडच्या वाऱ्याने मला तुझ्या छातीत दुखतं. फ्रेंच माणसं हे वाक्य आजही सांगतात. त्यातला ‘तुझ्या’ इतका जड का पडतो, हे एरवी त्या जागी नुसतं ‘ला’ असतं हे ठाऊक असलं तरच कळतं. व्याकरण शिकण्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

यावरून पुढचा मुद्दा निघतो. ‘मों, मा, मे’ अवयवासोबत कधीच येत नाहीत असं नाही. ते येतात तेव्हा काहीतरी सांगायला येतात. अवयवाचं वर्णन केलं की ते लगेच परत येतात: ‘एल आ उव्हेर ले झ्यऽ’ तिने डोळे उघडले, पण ‘एल आ उव्हेर से ग्राँ झ्यऽ’ तिने आपले मोठे डोळे उघडले. वर्णन केल्यावर ते साधे डोळे राहत नाहीत, त्या व्यक्तीचे खास डोळे होतात. उजवा-डावा याला मात्र वर्णन मानत नाहीत: ‘इल आ लव्हे ला मँ द्र्वात’, त्याने उजवा हात वर केला, इथे ‘ला’च.

एखाद्या ठिकाणी हात ठेवण्याबद्दल मात्र मोकळीक आहे. ‘त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला’ हे ‘इल आ पोझे सा मँ स्युर मों नेपोल’ असंही म्हणतात, ‘इल आ पोझे ला मँ स्युर मों नेपोल’ असंही, आणि ‘इल मा पोझे ला मँ स्युर लेपोल’ असंही. शेवटचं सर्वांत जवळिकीचं, कारण त्यात स्पर्श ‘मला’ होतो. आणि शरीरापासून सुटून पडणाऱ्या गोष्टी? ‘इल पेर से शव्हऽ’, त्याचे केस गळताहेत, तिथे ‘से’ चालतं. पण ‘पेर्द्र ला मेम्वार’, स्मृती जाणं, ‘पेर्द्र ला व्ह्यू’, दृष्टी जाणं, तिथे ‘ला’.

‘दॉन-म्वा ला मँ’ आणि ‘दॉन-म्वा ता मँ’ यांतला फरक विद्यार्थी नेहमी विचारतात. रस्ता ओलांडताना मुलाला ‘हात धर’ सांगायचं तर पहिलं. जखम बघायची आहे, मेंदी काढायची आहे, हात एक वस्तू म्हणून हवा आहे, तर दुसरं.

मराठीची सवय आणखी एका ठिकाणी आड येते. ‘सगळ्यांनी माना डोलावल्या’, असं आपण अनेकवचनात म्हणतो. फ्रेंच प्रत्येकाची एकच मान मोजतं: ‘इल झों ओशे ला तेत’. हजार माणसं असली तरी ‘ला तेत’ एकवचनीच. ‘ले तेत’ लिहिलं तर प्रत्येकाला अनेक डोकी असल्यासारखं होतं. ज्याची जोडी असते ते अवयव मात्र अनेकवचनात येतात, म्हणून सगळ्यांनी हात धुतले तर ‘ले मँ’, आणि वर्गात सगळ्यांनी उत्तरासाठी एकेक हात वर केला तर ‘ला मँ’.

म्हणी आणि वाक्प्रचार तर बहुतेक याच साच्यात ओतलेले आहेत आणि तिथे ‘माझे-तुझे’ घातलं तर अर्थच निसटतो. ‘त्यू म कास ले प्ये’, शब्दशः ‘तू मला पाय मोडतोस’, म्हणजे तू मला वैताग आणतोस. ‘त्यू कास मे प्ये’ म्हटलं तर लोक तुमच्या पायांकडे बघतील. वर ओळखी असलेल्या माणसाबद्दल ‘इल आ ल ब्रा लों’, त्याचा हात लांब आहे, म्हणजे आपल्या भाषेत त्याचे हात वरपर्यंत पोचलेले आहेत. यातली रचना तुम्ही आता ओळखाल: निळ्या डोळ्यांची.

कपड्यांना हा नियम लावू नका. कोट अंगात घातला तरी तो शरीराचा भाग होत नाही: ‘एल आ मी सों माँतो’, तिने कोट घातला, इथे ‘सों’ हवा. पण खिशात हात घालून चालणाऱ्या माणसाचं वर्णन ‘ले मँ दाँ ले पॉश’ असं करतात. ‘हाताची घडी घालून’ याला ‘ले ब्रा क्र्वाझे’. असे तुकडे वाक्याच्या शेवटी सुटे जोडायचे असतात, त्यांना क्रियापद लागत नाही, आणि तिथे ‘से’ घालायचा मोह टाळा.

एक लिखाणातली बाब, कारण उच्चारात ती सहसा ऐकू येत नाही आणि निबंधात तिचेच गुण जातात. ‘तिने अंघोळ केली’, ‘एल से लाव्हे’, यात भूतकाळी रूपाला स्त्रीलिंगाचं जादा ‘ए’ अक्षर लागतं, कारण धुतली गेली ती स्वतः. ‘एल से लाव्हे ले मँ’ मध्ये ते अक्षर लागत नाही, कारण धुतले गेले हात आणि ते क्रियापदानंतर आले आहेत. ऐकून पटवायचं असेल तर केस रंगवण्याचं क्रियापद घ्या: ‘एल से तँ ले शव्हऽ’ असंच म्हणतात, ‘तँत’ नाही. हात क्रियापदाआधी आले, ‘तिने धुतलेले हात’ अशी रचना झाली, तर मात्र हातांचं लिंगवचन क्रियापदाला लावावं लागतं.

तयारीसाठी एक काम करा. सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत शरीराशी संबंधित जे काही करता ते मराठीत लिहून काढा: दात घासले, तोंड धुतलं, केस विंचरले, धाकट्याचे केस विंचरले, त्याची नखं कापली, पाठ दुखत होती म्हणून मलम लावलं. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा, हे कोणाला झालं? उत्तर ‘मला’ असेल तर ‘म’, ‘त्याला’ असेल तर ‘ल्युई’. मग अवयवाला ‘ल, ला, ले’ लावून वाक्य फ्रेंचमध्ये न्या. ‘माझे’ आणि ‘त्याचे’ लिहायची पाळी आलीच, तर ते कशासाठी आलं हे समासात एका शब्दात नोंदवा: कर्ता, वर्णन, की कौतुक. आठवडाभर हे केलंत आणि ती वही बाईंना दाखवलीत, तर कुठल्या वर्गातल्या चुका राहिल्या आहेत ते त्यांना लगेच दिसेल.